मुंबईत पाहुणे म्हणून आलात आणि गाड्या बघायच्यात? मग कुठे उभं राहायचं ते आधी ठरवा

मुंबईत गाडी शोधावी लागत नाही. कुठल्याही फलाटावर चार मिनिटं उभे राहा, एक तरी येतेच. शोधावी लागते ती उभं राहायची जागा. जिथून रूळ दिसतात तिथे गर्दी असते, जिथे गर्दी नसते तिथे भिंत असते, आणि दोन्ही नसेल तिथे बहुधा जायला मनाई असते. हा लेख त्या जागेबद्दल आहे. दोन दिवसांसाठी शहरात आलेल्या, रेल्वेचं वेड असलेल्या, पण लोकलच्या धबडग्याची सवय नसलेल्या माणसासाठी.

मी स्वतः असाच पाहुणा होतो. मे महिन्यात ठाकुर्लीला मावशीकडे यायचो. घर रुळांजवळ. गाडी धडधडत आली की मावशी बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर थांबायची आणि गाडी गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. तिला आपण थांबलो हे कळतही नसे. तुमचे कुणी नातेवाईक रुळांलगत राहत असतील तर उतरायला त्यांच्याकडेच जा. झोप थोडी कमी होईल, पण गच्चीवरून दिसणाऱ्या गाड्यांना तिकीट लागत नाही.

आधी ठरवा, बघायचं काय

ही पायरी लोक गाळतात आणि मग चर्चगेटला जाऊन राजधानीची वाट बघत बसतात. चर्चगेटला फक्त लोकल येतात. पश्चिम रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या मुंबई सेंट्रल किंवा वांद्रे टर्मिनसहून सुटतात. म्हणजे मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड हा पट्टा निव्वळ लोकलचा. मध्य रेल्वेवर तसं नाही. तिथे सीएसएमटीपासूनच (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) मेल-एक्सप्रेस आणि लोकल शेजारी शेजारी धावतात. काही लांबच्या गाड्या कुर्ल्याजवळच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटतात. कोकणात जाणाऱ्या बघायच्या तर दिवा किंवा पनवेल. हार्बर लाइन नव्या माणसाने पहिल्या दिवशी सोडून दिली तरी चालेल, एक सँडहर्स्ट रोड वगळता. त्याचं कारण पुढे येईल.

वेग हवा असेल तर मोठं स्टेशन टाळा. दादरला जवळपास सगळंच थांबतं, त्यामुळे तिथे गाड्या रांगत येतात आणि रांगत जातात. विक्रोळी, कांजुरमार्ग, नाहूर अशा स्टेशनांवर जलद गाड्या थांबत नाहीत. स्लोच्या फलाटावरच्या बाकड्यावर बसलात की पलीकडच्या रुळांवरून मेल गाडी ताशी शंभरच्या आसपास निघून जाते आणि मागे कागदाचे कपटे उडत राहतात. ही स्टेशनं कुठल्याही पर्यटन नकाशावर नाहीत. म्हणूनच ती चांगली.

नकाशा आणि सूर्य

मोबाइलवर नकाशाचं उपग्रहाचं चित्र उघडा आणि तीन गोष्टी बघा: रूळ किती आहेत, वळण कुठे आहे, आणि फलाटाचं कुठलं टोक छपराबाहेर आहे. छपराखाली उजेड मिळत नाही. वळणाच्या आतल्या बाजूने गाडी पूर्ण लांबीची दिसते, बाहेरच्या बाजूने फक्त तोंड दिसतं.

मुंबईतले रूळ ढोबळमानाने दक्षिणोत्तर आहेत. त्यामुळे सकाळी ऊन पूर्वेकडून, संध्याकाळी पश्चिमेकडून गाडीच्या कुशीवर पडतं. सकाळी पूर्वेच्या फलाटावर आणि दुपारी चारनंतर पश्चिमेच्या फलाटावर उभं राहायचं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. भर दुपारी बारा ते तीन नुसत्या डोळ्यांनी बघा, फोटोच्या नादी लागू नका. मुंबईचं दुपारचं ऊन प्रत्येक इंजिनाला सारखंच फिकं करून टाकतं.

तिकीट काढा, कितीही वेळ थांबणार असलात तरी

प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं. ज्या स्टेशनचं काढाल त्याच स्टेशनवर. सणासुदीला गर्दी वाढली की काही मोठ्या स्टेशनांवर त्याची विक्री बंद ठेवतात, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. दोन-तीन स्टेशनं पालथी घालणार असाल तर लोकलचं पर्यटक तिकीट परवडतं. ते एक, तीन किंवा पाच दिवसांचं मिळतं आणि पश्चिम, मध्य, हार्बर तिन्ही मार्गांवर चालतं. मेल-एक्सप्रेसमध्ये मात्र त्यावर चढायचं नाही. टीसीने विनातिकीट धरलं तर भाडं अधिक किमान २५० रुपये दंड. ‘मी प्रवास करत नाहीये हो, नुसता बघतोय’ हे वाक्य मी एकदा वापरून पाहिलं आहे. टीसी मनापासून हसला आणि पावती फाडली.

वेळ: गर्दीच्या उलट्या दिशेला

सकाळी आठ ते अकरा माणसं शहराकडे, म्हणजे दक्षिणेला येतात. संध्याकाळी पाच ते नऊ उलट. एवढं लक्षात ठेवलं तर अर्धं काम झालं. सकाळी नऊ वाजता बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर बसायला जागा मिळते आणि समोर शहराकडे जाणारी प्रत्येक गाडी दिसते, दाराला लटकलेल्या माणसांसकट. संध्याकाळी बाजू बदला.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी रविवार सुचवेन. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे देखभालीसाठी काही तास ठरावीक रूळ बंद. मुंबईकर त्या दिवशी वैतागलेले असतात, रेल्वेप्रेमी मात्र खूश. स्लोच्या गाड्या फास्टच्या रुळांवरून धावतात, एरवी जे फलाट मोकळे असतात तिथे गाड्या येऊन उभ्या राहतात, आणि क्वचित एखादं टॉवर वॅगन, म्हणजे वायरी दुरुस्त करायची गाडी, वायरींखाली काम करताना दिसतं. ब्लॉक कुठून कुठवर आहे ते शनिवारच्या वर्तमानपत्रात येतं. लोकलचं वेळापत्रक आणि रोजचे घोळ समजायला मुंबईकर एम-इंडिकेटर ॲप वापरतात. लांबची गाडी कुठवर आली ते रेल्वेच्या एनटीईएसवर कळतं. दोन्ही फोनात घेऊनच या.

पहिली सकाळ: सीएसएमटी ते महालक्ष्मी

सुरुवात सीएसएमटीपासून करा, पण इमारतीसाठी नाही. इमारत बघालच, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८च्या दरम्यान उभी केलेली, २००४पासून जागतिक वारसा यादीत. फोटो समोरच्या रस्त्यावरून काढा आणि आत जा. एक ते सात फलाट लोकलचे, आठ ते अठरा लांबच्या गाड्यांचे. इथे रूळ संपतात, आणि बघण्यासारखं तेच आहे. लांबून आलेल्या गाडीचं इंजिन बंपरच्या बाजूला अडकून पडतं. मागून दुसरं इंजिन येऊन सगळे डबे ओढून यार्डात नेतं, तेव्हा कुठे त्याची सुटका होते. लोकलला ही भानगड नाही, तिला दोन्हीकडे तोंड. आलेला मोटरमन एका टोकाला उतरतो, दुसरा दुसऱ्या टोकाला चढलेला असतो, आणि पाच-सहा मिनिटांत गाडी परत निघते. गाडी थांबायच्या आत लोक जागेसाठी उड्या मारतात. तुम्ही मारू नका.

याच जागेवरून, तेव्हाच्या बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ला दुपारी ३.३५ वाजता पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, अंतर ३४ किलोमीटर. आज ठाण्याची फास्ट पकडलीत तर तुम्ही त्याच मार्गाने जाता. विजेची पहिली गाडीही इथूनच निघाली, ३ फेब्रुवारी १९२५ला, कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने. तेव्हा विजेचा दाब १५०० व्होल्ट, डीसी. गेल्या दशकात ते सगळं बदलून २५ हजार व्होल्ट एसी झालं. त्या डीसी काळातल्या इंजिनांची गुणगुण ऐकलेली माणसं अजून आहेत आणि त्यांना तो आवाज तोंडाने काढायला सांगितलं तर लगेच काढून दाखवतात.

सीएसएमटीहून दुसरंच स्टेशन सँडहर्स्ट रोड. इथे मेन लाइन खाली आणि हार्बर वर, एकाच स्टेशनाचे दोन मजले. खालच्या फलाटावर उभे राहिलात की डोक्यावरून हार्बरची गाडी जाते आणि पुलाचं लोखंड सगळं ऐकू येईल असं बोलतं. फोटोपेक्षा कानांनी बघायची ही जागा आहे. अर्धा तास पुरे.

मग टॅक्सी किंवा बसने महालक्ष्मी. धोबी घाट बघायला पर्यटक स्टेशनालगतच्या ज्या रस्त्याच्या पुलावर उभे राहतात, त्याच पुलावरून पश्चिम रेल्वेचे रूळही दिसतात. मुंबई सेंट्रल जवळच असल्याने गाड्या अजून वेग घेत असतात, म्हणजे नीट बघता येतात. लोकांची पाठ रुळांकडे असते आणि तोंड धोब्यांकडे. गाड्या बघणाऱ्याला इतकी आयती जागा या शहरात दुसरीकडे सहसा मिळत नाही. पुलावर वाहनं भरपूर, पदपथ सोडू नका.

समुद्र आणि लोकल दोन्ही हवं असेल तर संध्याकाळी मरीन लाइन्स किंवा चर्नी रोड. इथे उजेड पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आणि पांढऱ्या-जांभळ्या गाडीला सोनेरी करतो.

दादरबद्दल थोडं

दादर वगळून मुंबई बघितली असं कुणी म्हणत नाही, म्हणून जा, पण दुपारी जा. पूर्वी इथे पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट क्रमांक वेगवेगळे होते, त्यामुळे ‘एक नंबरला ये’ म्हटलं की माणसं दोन वेगवेगळ्या एक नंबरांवर एकमेकांची वाट बघत. डिसेंबर २०२३पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्येचे ८ ते १४ असे सलग क्रमांक झाले. जुन्या आठवणींवर विसंबून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि पादचारी पुलावर थांबू नका. वरून दृश्य छान दिसतं, मान्य. पण २९ सप्टेंबर २०१७ला, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. दोन गाड्या एकदम आल्या की पुलाची रुंदी किती वेगाने संपते हे मुंबईबाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पूल चालण्यासाठी. बघायचं फलाटावरून, टोकाला, पिवळ्या रेषेच्या मागे, पाठ खांबाला लावून. रूळ ओलांडायचा तर विचारही नको. रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो प्रकार तिथवर पोचण्याआधीच संपू शकतो.

कॅमेऱ्याचे शिष्टाचार

स्वतःपुरते फोटो काढणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. तिवई लावली, कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स जोडली की आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा जवान येतो. व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते आणि तिवई दिसली की तुम्ही व्यावसायिक ठरता. फ्लॅश कधीच नको, मोटरमनच्या डोळ्यांवर येतो. जवानाने ‘बंद करा’ म्हटलं तर बंद करा, वाद घालू नका, पुढच्या स्टेशनवर जा. रेल्वेची स्टेशनं भरपूर आहेत, तुमची सुट्टी दोन दिवसांची.

याहून महत्त्वाचं, फलाटावर महिलांचा डबा कुठे थांबतो ते आधी बघून घ्या आणि तिथे कॅमेरा घेऊन उभे राहू नका. एका स्टेशनवर मी इंजिनाच्या नंबराच्या नादात नेमका त्याच जागी उभा होतो. गाडी थांबली, दहा-बारा बायकांच्या नजरा माझ्या कॅमेऱ्यावर. हवालदाराने सगळे फोटो एकेक करून बघितले, दोन पुसायला लावले. चूक माझीच होती. तेव्हापासून मी आधी डब्यांच्या पाट्या बघतो, मग गाडी.

इंजिन वाचायला शिका

कॅमेरा नसला तरी वही ठेवा. इंजिनाच्या अंगावर अक्षरं आणि पाच आकडी नंबर असतो. अक्षरं अशी वाचायची: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, आपला ५ फूट ६ इंचांचा रूळ. मग ए म्हणजे एसी वीज, डी म्हणजे डिझेल. मग पी म्हणजे प्रवासी गाडीचं, जी म्हणजे मालगाडीचं. शेवटचा आकडा पिढीचा. म्हणून डब्ल्यू-ए-पी ७ हे एसी विजेवरचं प्रवासी इंजिन, आणि डब्ल्यू-ए-जी ९ हे मालगाडीचं. बाजूला शेडचं, म्हणजे इंजिनाच्या आगाराचं नाव लिहिलेलं असतं: कल्याण, अजनी, वडोदरा, इटारसी. लांबच्या शेडचं इंजिन दिसलं की जुन्या मंडळींचे डोळे कसे चमकतात ते एकदा बघाच. ‘हे इथं काय करतंय?’ असं एकमेकांना विचारतात, जणू गावात नवा जावई आला.

दुसरा दिवस कर्जतला द्या

एकच जागा निवडायची असेल तर मी सगळं सोडून कर्जत निवडेन. सीएसएमटीहून १०० किलोमीटर, कर्जत लोकलने साधारण दोन तास. सकाळी लवकर निघा. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी इथून बोर घाट चढते. चढ १ः३७चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात ही जवळजवळ भिंतच. बावीस-तेवीस डब्यांची गाडी एकट्या इंजिनाला ती चढवत नाही. म्हणून कर्जतला मागून आणखी दोन-तीन इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात.

पाहुणे इथे एक चूक हमखास करतात. गाडी आली की पुढच्या इंजिनाकडे धावतात. सगळी गंमत मागे असते. तुम्ही फलाटाच्या कल्याणच्या बाजूच्या टोकाला उभे राहा. गाडी थांबते. वडापाववाले खिडक्यांपाशी ओरडत फिरू लागतात. शेजारच्या रुळावर थांबलेली बँकरची जोडी किंवा तिकडी सावकाश मागे येते, अगदी पायी चालण्याच्या वेगाने, शेवटच्या डब्याला हलकेच टेकते, आणि तो ‘ठक्क’ आवाज डब्याडब्यातून पुढे जाताना ऐकू येतो. कर्मचारी खाली उतरून जोडणी बघतो. मग पुढचं इंजिन शिट्टी देतं, मागून उत्तर येतं, आणि सगळा लोंढा एकदम हलतो.

मागून का लावतात, पुढे का नाही? सगळा जोर पुढून लावला तर डब्यांमधल्या जोडण्यांवर ताण येतो. घाटात एखादी तुटली तर मागचे डबे उताराला लागतील. मागून ढकललं की ताण वाटला जातो आणि डब्यांच्या मागे भक्कम टेकू राहतो. वंदे भारतला हे लागत नाही. तिची ताकद डब्यांखालीच वाटलेली असल्याने ती घाट बँकरशिवाय चढते. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरची वंदे भारत सुरू झाली तेव्हापासून कर्जतच्या वडापाववाल्यांना त्या गाडीचा फारसा उपयोग नाही.

हा घाट १८६३मध्ये सुरू झाला. काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये भारतात पोचताच थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे चालवलं. हजारो मजूर इथे साथींत आणि अपघातांत मेले. पूर्वी गाड्या घाटात एका ठिकाणी तोंड फिरवून उलट्या दिशेने वर जात. १९२९मध्ये नवी वाट झाल्यावर ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. घाटात चालत जाऊन गाड्या बघण्याचे व्हिडिओ खूप दिसतात. ते करू नका, तो रेल्वेच्या हद्दीतला भाग आहे आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. घाट आतून बघायचा असेल तर कर्जतहून पुण्याकडच्या गाडीचं तिकीट काढून लोणावळ्यापर्यंत जा, खिडकीत बसा.

नाशिककडच्या माणसांनी हाच खेळ कसाऱ्याला बघावा. तिथला थळ घाटही १ः३७चाच, बँकर इगतपुरीला सुटतात. फक्त कसाऱ्याला चहापाण्याची सोय कर्जतइतकी नाही, डबा बरोबर ठेवा.

दख्खनची राणी बघायची असेल तर ती सीएसएमटीहून संध्याकाळी ५.१०ला सुटते, १ जून १९३०पासून याच मार्गावर आहे. थंडीत ती कर्जतला येईपर्यंत अंधार पडलेला असतो, त्यामुळे उजेडातली राणी हवी तर सीएसएमटीलाच पाचच्या आधी फलाटावर पोचा.

पावसाळ्यात येणार असाल तर

घाट सगळ्यात सुंदर पावसातच दिसतो आणि गाड्या सगळ्यात बेभरवशाच्या पावसातच असतात. हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी घराबाहेर पडू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि लोकं रुळांवरून चालत घरी गेली. कुर्ला, शीव, मशीद हे सखल भाग आधी भरतात. इशारा नसेल, नुसता पाऊस असेल, तर छत्री नको, रेनकोट घ्या. फलाटावर उघडलेली छत्री वारा कुठेही नेतो, आणि वर २५ हजार व्होल्टची तार आहे.

नेरळहून माथेरानला जाणारी १९०७ची दोन फुटी गाडी बघायचा बेत असेल तर पावसाळ्यात ती नेरळहून सुटत नाही. वर अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. तिथवर टॅक्सीने जावं लागतं.

कर्जतहून परतताना संध्याकाळची लोकल बहुधा रिकामी असते. डावीकडची खिडकी पकडा. नेरळपर्यंत त्याच बाजूला माथेरानचा डोंगर राहतो. बदलापूरच्या पुढे गर्दी चढायला लागेल. कल्याणला उतरायचं असेल तर अंबरनाथलाच उठून दाराकडे सरकायला लागा.